धाकट्या बाईंचा एक

धाकट्या बाई साठीला टेकल्या तरी धाकट्याच राहिल्या. त्याला इलाज नव्हता, कारण मोठ्या बाई अजून होत्या. दोघी सासू-सुना आणि दोघी टायपिंग शिकवणाऱ्या. क्लासमध्ये कुणी नुसतं 'बाई' म्हटलं की दोघी एकदम 'काय गं' म्हणायच्या, म्हणून कुणीतरी कधीतरी एकीला मोठी केलं, एकीला धाकटी केलं. ते पुढे इतकं अंगवळणी पडलं की धाकट्या बाईंचे यजमानसुद्धा दाराशी आलेल्या माणसाला 'मोठ्या बाई पडल्यात जरा, धाकट्या बाई वर्गात आहेत' असंच सांगायचे.

जिना चढून गेलं की समोर क्लासच्या दोन खोल्या आणि त्यांच्या मागे घर. म्हणजे मागच्या खोलीतून कुणाला बाहेर पडायचं तर क्लासमधूनच जावं लागे. दूधवाल्याचा आवाज आला की यजमान हातात पातेलं घेऊन टायपिंग करणाऱ्या बायकांच्या मधून वाट काढत जायचे. त्यांना मशीनला हात लावायला मात्र सक्त मनाई होती. ते एका बोटाने टाइप करत, आणि धाकट्या बाईंच्या मते हे दृश्य नवीन विद्यार्थिनींच्या नजरेस पडणं धोक्याचं होतं.

क्लास मोठ्या बाईंनी काढलेला. आता डोळ्यांनी त्यांना दगा दिला होता. उजेड कुठला आणि काळोख कुठला, एवढंच कळे. तरी रोज दुपारी त्या खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत येऊन बसत आणि वर्ग संपेपर्यंत हलत नसत. बसून ऐकत. सगळी मशिनं एकदम चालू असताना मध्येच म्हणत, "दाराशेजारची कोण गं? तुझी डावी करंगळी फार लाडावली आहे." नवी पोरगी असली की दचकून हात मांडीवर घ्यायची. जुन्या बायका हसायच्या. मोठ्या बाईंना गाण्याची आवड नव्हती, रेडिओ त्यांना गलका वाटे, कुणी वाचून दाखवायला बसलं की त्यांना डुलकी लागे. हा कळांचा आवाज मात्र त्यांना हवा असे. तो होता म्हणून दिवसाला दुपार होती, असं धाकट्या बाईंना वाटायचं, आणि ते खरंच होतं.

धाकट्या बाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना टायपिंगचा 'ट' येत नव्हता. मोठ्या बाईंनी आठवडाभरातच त्यांना मशीनपुढे बसवलं आणि हातांवर एक फडकं टाकलं. बोटं दिसली नाही पाहिजेत, नजर कागदावर. फडक्याखाली पहिले काही महिने नुसता गोंधळ चालला होता. सून चुकली की सासू पट्टीने टेबलावर टक् करायची. सुनेने माहेरी जाऊन सांगितलं की सासू हाताला धरून शिकवते आणि हात मात्र दाखवत नाही. पुढे तीच सून क्लासमधली सगळ्यात वेगवान टायपिस्ट झाली. तिच्या हातून चूक झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. याचा तिला गर्व होता, आणि तो ती लपवतही नसे.

लोखंडी मशिनं गेली, कॉम्प्युटर आले. तेही म्हातारे झाले. सुरू करून ठेवावं, चहा टाकावा, चहा पिऊन कप विसळावा, तोवर कुठे पडदा उजळायचा. तेव्हा धाकट्या बाईंच्या भाच्याने सुट्टीत येऊन सगळ्यांवर विंडोज काढून लिनक्स घालून दिलं. फुकट मिळतं, हलकं असतं आणि जुन्या यंत्रांना मानवतं, एवढं त्याने सांगितलं. म्हातारी मशिनं खरोखरच पळायला लागली. भाचा परदेशी निघून गेला आणि लिनक्स आत्याच्या गळ्यात पडलं. पण आत्या डगमगणारी नव्हती. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायची, एक अक्षर चुकलं तर यंत्र हटून बसतं, हा प्रकार तिला आवडलाच. आयुष्यभर पोरींना जे सांगत आले तेच हे यंत्र सांगतंय, असं ती म्हणायची.

सगळं सुरळीत होतं, ते वायरींनी बिघडवलं. इंटरनेटच्या वायरी जमिनीवरून गेलेल्या, वर चटई टाकलेली. एका सकाळी मोठ्या बाई तिच्या कडेला अडखळल्या आणि मनगटावर पडल्या. हाड मोडलं. दवाखान्यातून परत आल्यावर धाकट्या बाईंनी पदर खोचला आणि हातासरशी सगळ्या वायरी उपटून गुंडाळी करून माळ्यावर टाकल्या. पुन्हा या घरात जमिनीवर वायर दिसणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. भिंतीवरून न्यावी म्हटलं तर भिंतींना ओल, खिळा ठोकला की पोपडा हातात. यजमान एवढंच म्हणाले की वायरी काढल्यास हे बरं केलंस, पण क्लास अगदी वाऱ्यावर सोडलास.

ते चेष्टेत म्हणाले, पण खोटं नव्हतं. टायपिंगची परीक्षा आता इंटरनेटवरून होत असे आणि क्लासला परीक्षा केंद्राची मान्यता होती. त्या मान्यतेवरच क्लास तगून होता. ती गेली तर बायका चौकातल्या काचेच्या दाराच्या इन्स्टिट्यूटमध्ये जाणार, हे उघड होतं. परीक्षा मंडळाचा तपासनीस येत्या सोमवारी यायचा होता. सगळी मशिनं जोडलेली दिसली तर केंद्र राहणार, नाहीतर रद्द.

यजमान वाईट माणूस नव्हते, हिशेबी होते. त्यांनी बायकोला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं की आपण दोघंही आता थकलो. केंद्र गेलं तर क्लास ओढण्यात अर्थ नाही. खालच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांना जागा हवी आहे, पुढच्या दोन खोल्या त्यांना भाड्याने देऊ. धाकट्या बाईंनी विचारलं, आणि आई?  यजमान म्हणाले, तिला हळूहळू सांगू. सोमवारपर्यंत मशिनं लागली तर हा विषय मी काढणारच नाही, असा शब्दही त्यांनी दिला.

एवढ्यावर धाकट्या बाई कामाला लागल्या. नेट पुरवणाऱ्या माणसाने वायरलेस राउटर आणून कपाटावर बसवला. मशीनमागे खोचायचे, हवेतून नेट पकडणारे डोंगल दुकानातून आणले. दुकानदाराने छातीठोक सांगितलं की सगळ्यावर चालतात. लिनक्सवर चालतात का, असं विचारल्यावर तो म्हणाला की ही कंपनी नवीन दिसते.

डोंगल खोचला तर मशीन म्हणे, डिस्क आली. धाकट्या बाईंना वाटलं, आपणच काही चुकीचं आणलं. भाच्याला निरोप धाडला. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, आगगाडीच्या आवाजातून बोललेलं. या डोंगलच्या पोटात त्याचीच एक छोटी डिस्क असते, तो आधी तीच पुढे करतो आणि खरं रूप लपवतो, म्हणून त्याला आज्ञा देऊन रूप बदलायला लावायचं. धाकट्या बाईंनी लावलं. मग यंत्राने कबूल केलं की हे वायरलेसचं काहीतरी आहे, पण याच्याशी कसं बोलायचं ते मला माहीत नाही. बोलायचं शिकवणारा प्रोग्रॅम, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो इंटरनेटवर होता. आणि इंटरनेट मिळायला हाच ड्रायव्हर हवा होता. धाकट्या बाईंनी कपाळाला हात लावला. मग मोबाइलच वायरने मशीनला जोडला आणि त्याचं नेट उसनं घेतलं.

ड्रायव्हर आला तो कच्चा. घरच्या घरी शिजवून घ्यायचा. यंत्राने शिजवायला घेतला आणि अर्ध्यात सोडला, अमुक फाइली नाहीत म्हणाला. त्या आणल्या. दुसऱ्या नाहीत म्हणाला. त्याही आणल्या. परदेशातल्या कुणा अनोळखी माणसाने स्वतःच्या अशाच डोंगलची रडकथा लिहून ठेवली होती. शेवटी त्याला तो कसा लागला तेही त्याने लिहिलं होतं. धाकट्या बाई त्याच्या ओळी वाचून एकेक आज्ञा मारत गेल्या. एकही चुकली नाही. त्या माणसाला कळावं तरी कसं, पण धाकट्या बाईंनी त्याला मनातल्या मनात पोटभर आशीर्वाद दिले.

शुक्रवारी दुपारी डोंगलचा निळा दिवा लुकलुकला. पडद्यावर आसपासच्या नेटवर्कची नावं उतरली, कुणाच्या मुलाचं नाव, कुणाच्या कुत्र्याचं, एकाने तर 'विचारू नका' असं ठेवलेलं. त्यात आपला राउटरही होता. वर्गातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाईंनी खुर्चीतून विचारलं काय झालं, आणि कुणीतरी सांगितलं की बाई, लागलं. त्याही हसल्या.

धाकट्या बाईंनी राउटरच्या पोटावर छापलेला पासवर्ड कागदावर नीट उतरवून घेतलेला होता. अक्षरं आणि आकडे यांची भेळ. तो कागद शेजारी ठेवून, नजर कागदावर ठेवून, त्यांनी झपाझप टाइप केला. यंत्राने थोडा विचार केला आणि पुन्हा पासवर्ड मागितला. पुन्हा दिला. पुन्हा मागितला. दुसऱ्या मशीनवर तेच. तिसऱ्यावर तेच.

तो दिवस आणि त्याच्यापुढची सकाळ धाकट्या बाईंच्या नाकी नऊ आले. नेटवाल्याला बोलावलं. त्याने स्वतःच्या मोबाइलवर पासवर्ड घातला, क्षणात नेट लागलं, आणि आमच्याकडून सगळं ठीक आहे असं म्हणून तो मोकळा झाला. हे पेंग्विनवालं, म्हणजे लिनक्स, आपल्याला जमत नाही, म्हणत मशीनकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. धाकट्या बाईंच्या मोबाइलवरही तोच पासवर्ड चालत होता. म्हणजे पासवर्ड बरोबर. मग ड्रायव्हर चुकला असणार. त्यांनी तो काढून पुन्हा शिजवला. मन मारून 'पासवर्ड दाखवा' या चौकटीवर खूणसुद्धा केली, जे त्यांनी एखाद्या विद्यार्थिनीला कधी करू दिलं नसतं. ठिपक्यांच्या जागी अक्षरं आली. कागदाशी ताडून पाहिली, हुबेहूब तीच. भाचा म्हणाला, आत्या, चिप फालतू निघाली असेल, दुसरे डोंगल आण. आणि शनिवारी दुपारी, वर्गाला सुट्टी असताना, दातांचे डॉक्टर जागा बघून गेले.

ते गेल्यावर धाकट्या बाई पहिल्या मशीनपुढे येऊन नुसत्या बसल्या. काही सुचत नव्हतं. मोठ्या बाई आपल्या जागी होत्या. वर्ग नसला तरी त्या सवयीने येऊन बसत.

"कोण आलं होतं गं?"

"ह्यांच्या ओळखीचे होते, आई. सहज आले होते."

"सहज आलेला माणूस टेप आणत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "पोलादी टेप होती. ओढली आणि सोडली, चारी भिंतींना."

या घरात मोठ्या बाईंपासून काही लपवायचं म्हणजे वेडेपणाच होता. धाकट्या बाईंनी सगळं सांगून टाकलं. सोमवार, तपासनीस, डॉक्टरांची खुर्ची कुठे बसणार तेसुद्धा.  वायरी आपणच उपटल्या, आता त्या पुन्हा जमिनीवर टाकायला आपला हात धजत नाही, आणि हे वायरलेस तर हट्टालाच पेटलंय, असं त्या म्हणाल्या.

मोठ्या बाई प्लास्टरमधलं मनगट दुसऱ्या हाताने कुरवाळत राहिल्या. त्या रडतील असं धाकट्या बाईंना वाटलं. पण त्या म्हणाल्या, "तू काल दुपारपासून सारखं तेच तेच काय मारतेयस?"

"पासवर्ड."

"मग मार बघू. मोठ्याने म्हणत म्हणत."

सासूने सांगितलं म्हणून, एरवी मारला नसता, धाकट्या बाईंनी पासवर्ड पुन्हा मारायला घेतला. लहान मुलीसारखं एकेक अक्षर उच्चारत. के. सात. एम. एक. बी. चार. एक. टी.

"थांब. परत."

परत मारला. आता मोठ्या बाई खुर्चीत पुढे सरकून, मान तिरकी करून ऐकत होत्या. वर्गातली पोरगी चुकली की त्या अशाच बसत. धाकट्या बाईंनी नकळत पाठ ताठ केली, फडक्याखालच्या दिवसांतल्यासारखी.

"सात म्हणालीस तेव्हा हात वर गेला," मोठ्या बाई म्हणाल्या. "चारलाही गेला. वरच्या ओळीला जाताना बोटाला जरा वेळ लागतो, तो लागला. एक म्हणालीस तेव्हा नाही लागला. दोन्ही वेळेला नाही. तू एक मारलाच नाहीस. एल मारलास."

धाकट्या बाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा, टाइप करताना, कळांकडे पाहिलं. उजव्या हाताची अनामिका एलवर टेकलेली होती. एक हा आकडा तिकडे डावीकडे, वरच्या कोपऱ्यात, करंगळीची वाट बघत बसला होता.

आकड्यांचं काम असलं की त्या मशीनच्या उजवीकडची आकड्यांची चौकट वापरत, म्हणून हे कधी उघडं पडलं नव्हतं. अक्षरांच्या मध्येच एक आला की बोटं आपली जुन्या रस्त्याने जात. कागदावरून डोळ्यांनी एक वाचला होता, तोंडाने एक म्हटला होता आणि बोटांनी एल दिला होता. पडद्यावर बघून कळावं तर तिथे एक आणि एल जुळ्या बहिणींसारखे, कोण कोण ते आईलाच ठाऊक.

"मला उठव," मोठ्या बाई म्हणाल्या.

कोपऱ्यात आच्छादनाखाली एक लोखंडी मशीन आठवण म्हणून राहिलं होतं. सासूने सुनेचा हात धरून तिथवर नेला आणि वरच्या ओळीच्या पहिल्या कळेवर ठेवला. ती दोनची होती. ओळ दोनापासूनच सुरू होत होती.

"एक नव्हताच यांना," मोठ्या बाई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी विचारलं होतंस तू मला, आई, एक कुठाय. मी म्हटलं होतं, एल हाच एक, शहाणपणा करू नकोस. नवीन मशिनांना एक आला, पोरींच्या बोटांवरून मी तो ओळखला. तुला सांगायचं राहिलंच की. तू चुकतच नाहीस म्हटल्यावर तुझं कोण ऐकत बसतंय."

धाकट्या बाईंना हसू आलं आणि रडूही आलं, आणि त्यांनी दोन्ही येऊ दिलं. मग मशीनपुढे जाऊन बसल्या. के, सात, एम. करंगळी उचलून, अंमळ अवघडून, एक. मोठ्या बाईंनी उभ्या उभ्याच हुंकार भरला. पडद्यावरचं चक्र फिरलं, थांबलं, आणि त्याच्या जागी जोडलं गेल्याची खूण उमटली. एकामागून एक सगळी मशिनं लागली. शेवटच्याचा पासवर्ड मारायला धाकट्या बाईंनी यजमानांना बोलावलं. त्यांनी कागद डोळ्यांपुढे धरला, एक एक कळ शोधून एका बोटाने दाबली आणि पहिल्या झटक्यात नेट लागलं.

"हे मला कालच करू दिलं असतंत तर," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांनी शहाणपणाने गिळलं. मग खाली जाऊन त्यांनी डॉक्टरांना नाही म्हणून सांगितलं. परत आले तेव्हा त्यांच्या हातात आईच्या आवडीची बिस्किटं होती, आणि ती त्यांनी खुर्चीच्या हातावर ठेवली.

सोमवारी तपासनीस आला. मशीनमागून मशीन बघत गेला, जमिनीवर एकही वायर नाही हे त्याने आपणहून वाखाणलं आणि सही केली. त्या दुपारी वर्ग गच्च भरलेला होता. मोठ्या बाई खिडकीपाशी डोळे मिटून बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर, आणि त्यांची बोटं वर्गाबरोबर अगदी हलकी हलकी हलत होती.

क्लास अजून आहे. रोज सकाळी, पोरी यायच्या आधी, धाकट्या बाई पहिल्या मशीनवर बसून एकाच आकड्याची ओळ मारतात, डाव्या करंगळीने. ही शिक्षा मोठ्या बाईंनी दिलेली आहे आणि ती कधी संपणार ते त्यांनी सांगितलेलं नाही. परवा मोठ्या बाईंची मान छातीवर कलली होती, श्वास संथ चालला होता. धाकट्या बाईंना कसंतरीच झालं. आणखी किती सकाळी हे ऐकणारं माणूस इथे असेल, असं मनात आलं. झोपल्यात की काय ते बघावं म्हणून त्यांनी ओळीच्या मधोमध मुद्दाम एक एल मारला.

"खाली उतरलीस," मोठ्या बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "पहिल्यापासून घे."

धाकट्या बाईंनी आनंदाने पहिल्यापासून घेतलं.